गारगोटीची दोन घरे

भट्टीचा काटा ५७३ अंशांजवळ आला, की कुंभारकाम शिकणारा विद्यार्थी त्यावरून नजर काढीत नाही. कारण त्या सुमारास मातीतील गारगोटीचे स्फटिक एकाएकी रूप पालटून फुगतात, निवताना त्याच ठिकाणी तितक्याच एकाएकी आकसतात, आणि दार उघडण्याची घाई करणाऱ्याच्या पदरी तडकलेले भांडे येते. माझ्या विद्यार्थिदशेतील पहिली उंच सुरई अशीच गेली. तडा केसाएवढाच होता; परंतु टिचकी मारताच जो बद्द आवाज निघाला, त्यात तीन आठवड्यांच्या कष्टांचा जमाखर्च मिटला.

हीच गारगोटी काचेचेही मूळ द्रव्य आहे. एकटी वितळवू म्हटले तर ती १७०० अंशांपलीकडे जाते. सोडा घालावा तर लवकर वितळते, पण तयार झालेला पदार्थ पाण्यात विरघळतो. सबब चुन्याची जोड द्यावी लागते. भांड्यावरची झिलई म्हणजे तरी काय? पातळ काचच ती. फक्त उभ्या भांड्यावरून ती ओघळू नये म्हणून तिच्यात चिनीमातीतले अ‍ॅल्युमिना मिसळलेले असते. ज्याची झिलई वाहून भट्टीच्या फळीला चिकटली आणि ज्याला ती फळी छिन्नीने खरवडावी लागली, त्याला अ‍ॅल्युमिनाचे माहात्म्य पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

असे सख्खे नाते असूनही आपल्या प्रांतात या दोन विद्यांची घरे आरंभापासून निराळी पडली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जी कलाशाळा उघडली, तिच्यात १८६५ साली शिल्प शिकविण्यास आलेले लॉकवुड किपलिंग हे इंग्लंडातील बर्स्लेमच्या कुंभारकारखान्यांत वावरलेले गृहस्थ. पण मृत्तिकापात्रांचा उद्योग तेथे उभारला तो अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी, १८७० नंतरच्या दशकात, सिंधी कुंभारांच्या कसबाचा आधार घेऊन. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करीत होते, आणि लेण्यांतील वेलबुट्टी व आकृती मुंबईच्या सुरया-रांजणांवर उतरू लागल्या. त्यांतील काही पात्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. इंग्रज अधीक्षक, सिंधी हात आणि अजिंठ्याचा नक्षीपट, हा मेळ विचित्र खरा. तरी मला तो कृत्रिम वाटत नाही.

काच मात्र कलाशाळेत आली नाही. ती स्वदेशीच्या चळवळीत जन्मली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून जो फंड जमविला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे प्रमुख झाले. माल काढणे आणि माणसे शिकविणे ही दोन्ही कामे तेथे एकाच भट्टीपाशी चालत. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि प्रभाकर कंदील घरोघरी लागला. अशा रीतीने मातीला कलेचा हुद्दा मिळाला, काचेला उद्योगाचा.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने यात तोटा झाला, असे माझे मत आहे. माती हाताला सबुरी शिकवते: मळा, चाकावर मध्यावर आणा, चामड्याइतकी घट्ट होईतो थांबा, मग तळ छिला. रस झालेल्या काचेला हात लावण्याची सोयच नाही. फुंकणीच्या टोकावरचा गोळा सतत फिरवीत राहावे, क्षणभर थांबले की तो एका अंगाला लोंबतो, आणि घडलेली वस्तू सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून सावकाश निववावी लागते, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी आपोआप फुटते. एकीत चूक सुधारायला दिवस मिळतो, दुसरीत श्वास. ज्याने दोन्ही केले, त्याची आकाराची जाणच निराळी होते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने माती व काच एकाच अभ्यासक्रमात गुंफली आहेत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येही त्यांचा विभाग एकच. तळेगाव आणि कऱ्हाड ज्या प्रांतात आहेत, तेथील प्रत्येक कलाशाळेने कुंभारभट्टीच्या शेजारी काच निवविण्याची एक लहानशी भट्टी बांधण्याची तजवीज करावी, एवढीच चालकांना विनंती.