दांत आंबतात तेव्हां

लहानपणीं माघ-फाल्गुनांत चिंचा आणि चैत्रांत कैऱ्या खाऊन आम्हां भावंडांचे दांत असे आंबत कीं, संध्याकाळीं पानावर बसल्यावर मऊ पोळीचा तुकडाही चावतां येत नसे. आमची चोरी उघडकीस येई ती त्यामुळेंच. आजी रागें न भरतां म्हणे, "दांत आंबले ना? मग आज निमूटपणें दूधभात खा." दांत आंबणें हा शब्दप्रयोग मराठींत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, पण तेव्हां नेमकें काय होतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. आमच्या घरांत तो करण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आला.

माझी पुतणी 24 वर्षांची. पानसुपारीची तिला सवय नाहीं, गोडाची फारशी आवड नाहीं, आणि दांत घासण्यांत तर घरांत सर्वांत दक्ष. एके दिवशीं माठांतलें पाणी पितांना तिनें एकदम गाल धरला. "काका, सगळ्याच दांतांतून कळ गेली," ती म्हणाली. किडीची शंका येऊन मी तिला दंतवैद्यांकडे नेलें. त्यांना कीड कोठेंच सांपडली नाहीं; तेव्हां त्यांनीं तिचा सकाळपासूनचा दिनक्रम विचारला. उठल्याबरोबर लिंबू पिळलेलें कोमट पाणी घोट घोट घ्यावयाचें आणि तोंड आंबट राहूं नये म्हणून लागलीच खसाखसा दांत घासावयाचे, हा तिचा दोन वर्षांचा नेम होता. "कीड नाहीं, पण दांतांचें कवच झिजलें आहे," दंतवैद्य म्हणाले, "आणि झिजलेलें कवच पुन्हां उगवत नाहीं." माझी मान खालीं गेली, कारण लिंबूपाण्याचा तो नेम घराला मींच लावून दिला होता.

दांताच्या या कवचास शास्त्रीय परिभाषेंत दंतवल्क म्हणतात. डॉक्टर मंडळी त्यालाच एनॅमल म्हणतात. शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ हाच. वजनाच्या मानानें त्याचा सुमारें 96 टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचा, असतो. हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते. कारण तेथें जिवंत पेशी असतात. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दांत हिरडींतून वर येतांनाच नाहींशा होतात. म्हणून सहाव्या-सातव्या वर्षीं उगवलेल्या कायमच्या दाढेचें कवच माणसाला जन्मभर पुरवावें लागतें.

इतक्या कठीण वस्तूचा शत्रु म्हणजे आम्ल. आम्लतेच्या मोजपट्टीवर शुद्ध पाण्याचा अंक 7 असतो. अंक जितका लहान, तितकें आम्ल तीव्र. तोंडांतील अंक 5.5 च्या सुमारास किंवा त्याखालीं उतरला कीं कवचांतील खनिजें विरघळूं लागतात. लिंबाच्या रसाचा अंक 2 ते 3 च्या दरम्यान असतो. बाटलींतलीं कोला पेयेंही त्याच पंक्तीचीं. चिंचकैऱ्यांनीं दांत आंबतात, तेव्हां वरचा थर असाच किंचित् मऊ पडलेला असतो. निसर्गानें यावर तोडही ठेविली आहे. लाळ आम्लाचा जोर मोडते आणि आपल्यांतील खनिजें त्या थरास परत देते. मात्र या कामास तिला अर्धा ते एक तास लागतो. पुतणीची चूक लिंबू घेण्यांत होती त्याहून अधिक घाईनें घासण्यांत होती. लाळेनें सांवरण्यापूर्वींच ती तो मऊ थर ब्रशानें खरवडून काढीत होती.

हीच चूक इतर प्रसंगींही होते. गरोदरपणीं सुनेला उलट्या होऊं लागल्या कीं घरांतील वडील बायका मायेनें सांगतात, "दांत घासून घे, बरें वाटेल." परंतु जठरांतील आम्ल लिंबाच्या रसाइतकेंच, कित्येकदां त्याहूनही तीव्र असतें. अशा वेळीं पेलाभर पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्या आणि दांत तासाभरानें घासावे. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायांत अजीर्ण व वांती झालेल्यांस दंतकाष्ठ वर्ज्य सांगितलें आहे. त्यानें तो नियम या कवचासाठीं घातला असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. पण तो आजही पाळण्यासारखा आहे. काडीचें टोंक मऊ असावें व हिरड्यांस इजा होऊं नये, हेंही तेथेंच सांगितलें आहे.

या कसोटीस आपली राखुंडी, कोळशाची पूड किंवा विटकरीची पूड उतरत नाहीं. त्यांनीं दांत चकचकीत दिसतात ते घासून कवच उतरल्यामुळें. मिश्रींत तर तंबाखूही असते. दंतमंजनांत व पेस्टींत तंबाखू घालण्यास भारत सरकारनें 1992 सालीं बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी मिश्री कायद्यापेक्षां घरच्यांनींच थांबवावयाची आहे. तीच गोष्ट दांतांना हत्यार समजण्याची. अडकित्ता हाताशीं असतां दांतानें सुपारी फोडणें किंवा कात्री असतां दोरा तोडणें, यांनीं कवचास बारीक तडे जातात.

एकत्र कुटुंबांत आणखी एक प्रकार घडतो. आजोबा धाकट्याच्या हातावर खडीसाखर ठेवतात, काकू लाडवाचा तुकडा देते, आत्या बिस्किट. प्रत्येकाच्या मतें मुलानें थोडेंसेंच खाल्लेलें असतें. पण दांतांवरील जंतु दर खेपेस साखरेचें नवें आम्ल करतात आणि लाळेचें काम पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. चार वेळां चार तुकडे देण्यापेक्षां जेवणाबरोबर ते एकदम दिलेले बरे. झोपेंत लाळ कमी होते. म्हणून रात्रीं साखर घातलेलें दूध पाजून मुलाला तसेंच निजविणें सर्वांत घातक.

आमच्या घरीं आतां लिंबाचें सरबत होतें तें जेवणाबरोबर. तें रेंगाळत न पितां वर साध्या पाण्याची चूळ भरतात. ब्रश मऊ, हात हलका, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासणें कोणालाही चुकत नाहीं. पेस्ट फ्लोराईडयुक्त; ती तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्याहून मोठ्या मुलास वाटाण्याएवढी पुरते. पुतणीची कळ बरीच कमी झाली आहे. झिजलें तें मात्र झिजलेंच. तिनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, आणि तेंच अधिक लागतें. आरोग्याचा एखादा नेम वडिलकीच्या नात्यानें घराला लावून देतांना तो कोणाला कोठें बाधतो, याची चौकशी करणें हेंही वडिलांचेंच काम आहे.