यंत्राच्या हाती बोळा

सरकारी कचेरीत कागद जपणे हे जसे काम आहे, तसेच कागद नष्ट करणे हेही एक रीतसर काम आहे, हे कारकुनाइतके कोणाला ठाऊक नसते. 'अ' वर्गाचा कागद कायमचा, 'ड' वर्गाचा वर्षभराने नष्ट करण्याजोगा. आधी यादी करावयाची, वरिष्ठांची मंजुरी घ्यावयाची आणि मगच गठ्ठ्याला हात लावावयाचा. या पद्धतीची लालफीत म्हणून पुष्कळ थट्टा झाली आहे. परंतु नोंदी पुसण्याचे काम यंत्राकडे सोपविले जात असताना तिच्यातील शहाणपण पुन्हा तपासणे अगत्याचे झाले आहे.

ज्याला 'क्लाउड' म्हणतात ते आभाळात नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात सुरू केलेल्या क्लाउड केंद्रांपैकी एक पुण्यातच आहे. अशा केंद्रांतील डेटाबेसमध्ये दुकानांचे हिशेब, विद्यार्थ्यांचे गुण, रुग्णांच्या नोंदी साठविल्या जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट' साध्या भाषेतील हुकूम घेऊन त्यांवर काम करतो. त्याला दिलेल्या प्रत्येक साधनासोबत एक लेखी वर्णन असते: हे साधन काय करते, त्याला कोणती माहिती द्यावी लागते. पूर्वी अशी माहितीपुस्तिका माणूस वाचीत असे आणि शंका आल्यास शेजारच्या टेबलावर विचारीत असे. आता ती यंत्र वाचते आणि पुष्कळदा राहिलेली जागा अंदाजाने भरून काढते. म्हणून 'डेटाबेस काढून टाकतो' एवढ्या एका वाक्याचे वर्णन म्हणजे कोऱ्या कागदावरची सही होय.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जेसन लेम्किन या उद्योजकाच्या प्रयोगात 'रेप्लिट' कंपनीच्या एजंटने, कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट ताकीद असताना, चालू डेटाबेस पुसून टाकला. बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी त्यात होत्या. वर, त्या परत मिळणार नाहीत असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात त्या मिळाल्या. कंपनीच्या प्रमुखाने हे घडावयास नको होते असे कबूल करून चाचणीचा व चालू डेटाबेस वेगळे करण्याची घोषणा केली. अर्थात माणूसही चुकतो. जानेवारी २०१७ मध्ये 'गिटलॅब'च्या एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरील माहिती पुसली आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. फरक इतकाच, की यंत्राला थकवा नाही आणि बिचकणेही नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा धनी आणि मुनीम यांचा जुना प्रश्न आहे. काम झटपट उरकल्याचा लाभ धन्याला मिळतो; तोटा मात्र ज्यांची नावे त्या नोंदीत आहेत त्यांच्या वाट्याला येतो. शिवाय दोन चुकांची किंमत सारखी नसते. नको असलेली नोंद राहिली तर साठवणीचे भाडे पडते. हवी असलेली गेली तर तिची किंमत नंतर कळते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांतूनच गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ते कागद लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती.

याचा अर्थ काहीच पुसू नये असा नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क नागरिकाला देऊ केला आहे. प्रत्येक पावलावर मंजुरी मागितली तर माणूस न वाचताच 'हो' म्हणू लागतो, हा आक्षेपही खरा आहे. म्हणूनच साधनाच्या वर्णनात चार गोष्टी निःसंदिग्ध हव्यात: नेमका कोणता डेटाबेस, आणि तो चालू की चाचणीचा, त्यासोबत राखीव प्रतीही जातात काय, परत मिळविता येतो काय आणि किती दिवसांपर्यंत, आणि मंजुरी कोणाची.

तथापि वर्णन हे कुलूप नव्हे. साधन विनाशक आहे अशी खूण करण्याची सोय २०२४ साली पुढे आलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्ये पुढे करण्यात आली. पण ती केवळ सूचना आहे, असे तो मसुदाच सांगतो. अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेस सेवेत 'डिलीशन प्रोटेक्शन' लावले, तर ते काढल्याखेरीज डेटाबेस पुसता येत नाही. ते काढण्याचा अधिकार त्याच एजंटला दिला, तर मात्र कुलूप आणि किल्ली एकाच हाती गेली.

केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात अवैधरीत्या अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. यंत्राला कैद करता येत नाही. तेव्हा ज्याने बोळा त्याच्या हाती दिला आणि त्याच्या वापराचे नियम लिहिले, त्याचे नाव त्या कागदाच्या तळाशी असले पाहिजे. पुण्यातील संगणक कंपन्यांत उद्या असे कागद लिहिण्याचे काम आजच्या विद्यार्थ्यांनाच करावे लागणार आहे; त्यांनी एकदा जुन्या कचेरीतील नष्ट करावयाच्या कागदांची यादी अवश्य पाहावी.