धरणाखालचे तुषार : शोभा आणि धोका



धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपल्याकडची बरीच मंडळी लेकराबाळांसह मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर जातात. १३ दरवाजांचे पाणी आणि वर उठणारे तुषार पाहण्यासारखेच असतात. पण ते उठतात कशाने व त्यांना जपायचे का, हे समजून घेऊ.

३० मीटरवरून पडणारे पाणी खाली पोचते तेव्हा त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या वर जातो. सेकंदाला १ घनमीटर, म्हणजे ३५ क्युसेक पाण्यात सुमारे ३९० अश्वशक्ती असते. आपल्या ५ अश्वशक्तीच्या ७८ मोटारी एकदम चालाव्यात तेवढी! हा जोर जिरवला नाही तर धरणाचा पायाच उघडा पडेल. म्हणून काही धरणांत सांडव्याचा खालचा ओठ वर वळवून पाणी दूर उडवतात व खोल डोहात पाडतात. डोहातले पाणी गादीचे काम करते. तरीही खडक निघतोच. आफ्रिकेत झांबेझी नदीवरील करीबा धरणाखाली १९८१ पर्यंत मूळ तळापासून सुमारे ८० मीटर खोल खड्डा पडला होता.

उडालेली धार हवेत फुटते, डोहावर आदळून थेंब उसळतात. पाण्याबरोबर ओढलेली हवा जोराने बाहेर फेकली जाते आणि बारीक थेंब दूर नेते. जवळपास मुसळधार पाऊसच पडतो. काठची माती भिजून दरड सुटते, वाट निसरडी होते, विजेच्या तारांनाही धोका पोचतो.

पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्रात धरणांचे लहान नमुने करून पाणी सोडून पाहतात. पण नमुना लहान केला तरी पाण्याचा चिवटपणा लहान होत नाही. धार तितकी फुटत नाही, तुषार कमी दिसतात. प्रत्यक्षात ते जास्त दूर जातात. म्हणून कठडा लांब वाटला तरी तो ओलांडू नये.

आता आपल्या वावराचे पाहू. तुषार काही दर्यापूरपर्यंत येत नाहीत, पण अचलपूर तालुक्यातील चंद्रभागा धरणातून सोडलेले पाणी आपल्या नदीला येते. त्याचा जोर डोहात जिरला तरी पाणी कमी होत नाही, हे ध्यानात ठेवावे. तरी नदीकाठच्या सभासदांनी विसर्गाची सूचना मिळताच मोटारी व स्टार्टर वर काढावेत, जनावरे काठावर बांधू नयेत आणि पोरांना पुलावर गर्दी करू देऊ नये. मोटार नवी घेता येते, माणूस नाही.