टोपल्या वाढल्या, झाडं सरली

१९९३ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य टोकावरच्या मेन राज्यात ‘मेन इंडियन बास्केटमेकर्स अलायन्स’ ही संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न सरळ होता. ब्लॅक ॲश या झाडाच्या लाकडापासून टोपल्या विणणारे हात संपत चालले होते. पेनॉब्स्कॉट, पॅसामाक्वॉडी, मॅलिसीट आणि मिकमॅक या चार आदिवासी समाजांतले मिळून ५५ संस्थापक सभासद, आणि कारागिरांचं सरासरी वय ६३. पेनॉब्स्कॉट समाजातल्या थेरेसा सिकॉर्ड पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनी २१ वर्षं या संघटनेची धुरा वाहिली. जुन्याजाणत्या कारागिरांच्या हाताखाली तरुणांना शिकायला बसवायचं, विक्रीचे मेळे भरवायचे, टोपलीला रास्त दाम मिळवून द्यायचा, असा तो कार्यक्रम होता. २०१३ पर्यंत सहभागी होणाऱ्यांची संख्या २०० च्या वर गेली आणि सरासरी वय ४० पर्यंत खाली आलं. मरणपंथाला लागलेली कला वीस वर्षांत अशी उठून उभी राहिल्याची उदाहरणं जगात फार नाहीत. मात्र ही कला सावरत असतानाच ती ज्या झाडावर उभी आहे ते झाड नाहीसं होण्याच्या वाटेला लागलं. या तीसेक वर्षांकडे मागे वळून पाहताना मला वाटतं, कला वाचली की नाही हे ठरवण्याची बाहेरच्या जगाची मापंच अपुरी होती. हात मोजले गेले, टोपलीची किंमत मोजली गेली. झाड आणि झाड पारखणारी नजर कोणी मोजली नाही. या वारशाचा जीव मात्र तिथेच आहे. म्हणूनच झाड वाचवायचं असेल, तर ते पारखणाऱ्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेऊन चालणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

झाडाला इतकं महत्त्व का, हे समजायला विणकामाच्या आधीचं काम पाहावं लागतं. ब्लॅक ॲश, ज्याला मेनमध्ये ब्राउन ॲश म्हणतात, दलदलीत आणि ओढ्याकाठच्या पाणथळ जमिनीत वाढतं. तिथे हिंडून कारागीर सरळ बुंध्याचं, गाठ नसलेलं, पीळ नसलेलं झाड शोधतो. बुंध्यावर छोटी खाच घेऊन आतली वर्षवलयं किती जाड आहेत ते पाहतो आणि पसंत नसेल तर पुढे जातो. अशा तपासणीत बहुतेक झाडं नापास होतात. पसंत पडलेल्या झाडाचा सहा-आठ फुटांचा ओंडका आणायचा, ओला ठेवायचा, साल सोलायची आणि कुऱ्हाडीच्या बोथट पाठीने या टोकापासून त्या टोकापर्यंत घावाला घाव लावत ठोकत जायचं. हे झाड वसंतात मोठ्या छिद्रांचं पोकळसर लाकूड तयार करतं आणि उन्हाळ्यात घट्ट. ठोकल्यावर पोकळ थर चुरडतो आणि घट्ट थर लांबच लांब पट्टी होऊन सुटतो. आपल्याकडे बांबू उभा चिरून कांबी काढतात. इथे पात्याने चिरणं नाही, झाड स्वतःच्या वर्षांच्या जोडावर उकलतं. एक पट्टी म्हणजे त्या झाडाचं एक वर्ष, बरं गेलेलं असेल तर जाड, हलाखीचं असेल तर पातळ. मग ती पट्टी तिच्या जाडीतून पुन्हा दुभागतात, तेव्हा आतली बाजू साटिनसारखी गुळगुळीत निघते. शेवटी दातेरी पात्याच्या हत्याराने हव्या त्या रुंदीचे पट्टे पाडायचे. एवढं सगळं झालं की विणायला बसायचं. टोपलीला लागणाऱ्या श्रमातला मोठा वाटा विणण्याच्या आधीच खर्ची पडलेला असतो, आणि प्रदर्शनात काचेआड ठेवलेल्या टोपलीत नेमका तोच दिसत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ही कला कायम बदलतच आली आहे, मग झाड गेलं तर दुसरा माल वापरावा, त्यात एवढं काय? बदलाविषयीचं म्हणणं खरं आहे. वाबानाकी लोकांची (वर उल्लेखलेल्या चार समाजांना अबेनाकींसह हे एकत्रित नाव आहे) शिकारीची रानं आणि नद्या हातातून गेल्यावर टोपली हे त्यांच्या पोटापाण्याचं साधन झालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार हार्बरसारख्या गावांत श्रीमंत पाहुणे उन्हाळा घालवायला येऊ लागले, तसे नाजूक वेलबुट्टीचे करंडे, रुमालाच्या पेट्या, शिवणाच्या डब्या आल्या. त्यांत स्वीटग्रास या सुगंधी गवताच्या वेण्या गुंफल्या गेल्या, कृत्रिम रंग आले, घाटासाठी लाकडी साचे आले. उत्तरेकडच्या अरूस्टुक परगण्यात बटाट्याच्या शेतांसाठी मजबूत टोपल्या लागत. काढणीची यंत्रं आल्यावर ती मागणी आटली. पर्यटकांसाठी विणलेल्या टोपल्या म्हणजे अस्सल वारसा नव्हे, असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांच्याकडून जमीन, भाषा, मुलांचं शिक्षण सगळं हिरावलं गेलं, त्यांनी गिऱ्हाईकाच्या आवडीला धरून घाट बदलला आणि त्या आधारावर दलदलीतलं ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती दिलं. हा वारसा टिकवण्याचाच मार्ग होता. पण नीट पाहिलं तर या सगळ्या बदलांत एक गोष्ट बदलली नाही. रंग, घाट, साचा, गिऱ्हाईक बदललं. ॲशचा ओंडका ठोकणं मात्र तसंच राहिलं. दुसऱ्या जातीचे ॲश ठोकूनही पट्ट्या निघतात, पण ब्लॅक ॲशइतक्या सहज आणि इतक्या लवचीक निघत नाहीत. भूर्जाची किंवा सीडरची साल वापरून उत्तम वस्तू होतात आणि काही कारागीर त्या करतातही; फक्त ती वेगळी कला असते, तिची नजर वेगळी, तिची हत्यारं वेगळी. वाबानाकींच्या उत्पत्तिकथेत ग्लुस्काबे हा पुराणपुरुष ॲशच्या झाडावर बाण सोडतो आणि त्या झाडातून माणसं बाहेर येतात. झाडाशी असं नातं सांगणाऱ्या समाजाला पर्यायी मालाचा सल्ला देणं सोपं आहे, पण त्यातून गमावलेलं काही भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप यशातून येतो. ज्या कलेला इतका मान मिळाला ती धोक्यात कशी? मान मिळाला, यात शंका नाही. अमेरिका-कॅनडा सरहद्दीवरच्या अक्वेसास्नेतल्या मोहॉक समाजाच्या कारागीर मेरी ॲडम्स यांनी १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांना टोपली भेट दिली होती, तेव्हापासूनच या कामाकडे जगाचं लक्ष वळू लागलं होतं. पुढे पॅसामाक्वॉडी समाजाच्या मॉली नेपच्यून पार्कर यांना २०१२ मध्ये आणि सिकॉर्ड यांना २०१६ मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा अमेरिकेतला लोककलांचा सर्वोच्च सन्मान मिळाला. पॅसामाक्वॉडी समाजाचेच जेरेमी फ्राय यांच्या टोपलीने २०११ मध्ये सांता फे इंडियन मार्केटचं सर्वोत्कृष्ट कलाकृतीचं पारितोषिक पटकावलं. टोपली विणणाऱ्याला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. २०२४ मध्ये मेनमधल्या पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात त्यांचं एकट्याचं मोठं प्रदर्शन भरलं, ते पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये गेलं, आणि २०२५ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पण स्वतः हे कलावंत काय सांगत आहेत, तेही ऐकायला हवं. त्या प्रदर्शनातला फ्राय यांचा लघुपट झाड तोडण्यापासून सुरू होतो, पट्ट्या निघतात, टोपली विणून होते आणि अखेर ती जळून राख होते. मिशिगनच्या टोपली-कारागीर केली चर्च यांनी २०१८ मध्ये अंड्याच्या आकाराची एक हिरवी टोपली केली. उघडली की आत दोन वस्तू: कुपीत ठेवलेला एक मेलेला भुंगेरा आणि ब्लॅक ॲशची सगळी विद्या साठवलेला पेनड्राइव्ह. उद्या झाड नसेल तेव्हा मधली पिढी ओलांडून ही विद्या कोणाला तरी सापडावी, म्हणून केलेली ही तजवीज आहे. संग्रहालयातली टोपली घाट शिकवते, वीण शिकवते. ओंडक्यावर घाव कुठे आणि किती जोराने घालायचा हे ती शिकवू शकत नाही, आणि पेनड्राइव्हही शिकवू शकेल असं मला वाटत नाही.

तो भुंगेरा म्हणजे एमराल्ड ॲश बोरर. पाचूच्या रंगाचा, जेमतेम अर्ध्या इंचाचा, मूळचा ईशान्य आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून नव्वदच्या दशकात तो अमेरिकेत आला असावा. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ ओळखला गेला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे कोरत जातात, झाडाच्या अन्नवाहिन्या तुटतात आणि काही वर्षांत झाड वाळतं. त्याच्या मूळ प्रदेशातल्या ॲशना त्याच्याशी झुंजण्याची सवय आहे. अमेरिकेतल्या ॲशना नाही, आणि ब्लॅक ॲश तर सगळ्यांत लवकर बळी पडतं. मिशिगनच्या आग्नेय भागातल्या जंगलांत ॲशची ९९ टक्क्यांहून जास्त झाडं मेली. सरपणाच्या लाकडातून कीड पुढे पुढे गेली: २००९ मध्ये मिनेसोटा, २०१८ मध्ये मेनची उत्तर सरहद्द. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ब्लॅक ॲशला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं. कडाक्याच्या थंडीत अळ्या मरतात म्हणून उत्तरेकडे थोडा दिलासा होता, पण हिवाळे सौम्य होत चालल्याने तोही कमी होत आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने लाकूड-वाहतुकीवरचे या किडीसाठीचे निर्बंध उठवले. ते आता उपयोगाचे उरले नाहीत, हे त्यामागचं कारण. कारागिरांच्या दृष्टीने ती हार मान्य केल्याची घोषणाच होती.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. झाड इतकं धोक्यात आहे तर तोडायचंच कशाला? बंदी घाला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताने २०१३ मध्ये आणि ऑन्टॅरिओने २०२२ मध्ये ब्लॅक ॲशला संरक्षित यादीत घातलं, तेव्हा ही भावना स्वाभाविकच होती. पण पुरावा दुसऱ्या बाजूला झुकतो. पोटावाटोमी समाजाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांनी आपल्या ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’ या पुस्तकात एका अभ्यासाची हकिकत दिली आहे. जंगलात ब्लॅक ॲशची रोपं होती, म्हातारी झाडं होती, मधल्या वयाची झाडं मात्र दिसत नव्हती. दाट सावलीत रोपं वर येत नव्हती. मधल्या वयाची झाडं भरपूर आढळली ती टोपल्या विणणाऱ्या वस्त्यांच्या आसपास. कारागीर निवडून एखादं झाड काढतो, वर आकाश मोकळं होतं आणि खालच्या रोपांना ऊन मिळतं. यावरून प्रत्येक तोड झाडाच्या हिताची असते असं मी म्हणणार नाही. जिथे मोजकीच मोठी झाडं उरली आहेत तिथे संयम हवाच, आणि तो कारागिरांना कोणी शिकवायची गरज नाही. पण सरसकट बंदीने कीड थांबत नाही. ती उभ्या झाडातच शिरते. बंदी थांबवते ती माणसाची दलदलीतली फेरी. ती थांबली की कुठलं झाड वाळू लागलंय, कुठे यंदा बी धरलंय, हे सांगणारे लोकच जंगलातून बाहेर पडतात.

आणि या लोकांकडची माहितीच आज सर्वांत मोलाची आहे. ओंडके पाण्यात बुडवून ठेवण्याची कारागिरांची जुनी रीत होती. मिशिगनमधल्या कारागिरांसोबत वनखात्याच्या संशोधकांनी ती तपासली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले: ऋतूनुसार सव्वातीन ते चार महिने पाण्यात राहिलेल्या ओंडक्यातल्या सगळ्या अळ्या मरतात आणि लाकूड ठोकण्याजोगं राहतं. म्हणजे कीड न पसरवता लाकूड साठवता येतं. आशियातल्या परजीवी गांधीलमाश्या २००७ पासून सोडल्या जात आहेत. त्यांचा उपयोग मोठ्या झाडांपेक्षा नव्या रोपांना होण्याची आशा जास्त आहे. या रोपांसाठी बी लागतं, आणि ब्लॅक ॲशला दरवर्षी बी धरत नाही. अक्वेसास्नेत, मिशिगनमध्ये, मेनमध्ये कारागीर आणि त्यांचे समाज म्हणूनच बी गोळा करत आहेत. वारशासाठी पैसे देणाऱ्या संस्थांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या प्रदर्शनाच्या आधी या बियांसाठी आणि त्या वेचणाऱ्यांच्या दलदलीतल्या हक्कासाठी पैसा आणि कायदा उभा करावा. जमिनीत पडलेलं ब्लॅक ॲशचं बी रुजायला दोन-दोन वर्षं घेतं, आणि रुजलेलं रोप टोपलीजोगं व्हायला कित्येक दशकं लागतात.