उघडं पडलेलं आडनाव

नेदरलँड्समध्ये ‘नाक्तखबोरन’ नावाचं एक विरळ आडनाव आहे. डच भाषेत ‘नाक्त’ म्हणजे उघडं, नागडं आणि ‘खबोरन’ म्हणजे जन्मलेलं. पिढ्यान्‌पिढ्या एक घराणं स्वतःला ‘नागडे जन्मलेले’ म्हणवून घेत आलं आहे. आपल्याकडेही गाढवे, उंदरे, ढेकणे आहेत, पण ही नावं का पडली असतील याचा अंदाज बांधता येतो. नागडं तर प्रत्येकच मूल जन्मतं. मग एकाच घराला हे नाव का चिकटावं?

डच माणसाकडे याचं उत्तर तयार असतं. १८१० साली नेपोलियनने हॉलंड फ्रेंच साम्राज्याला जोडला. पुढच्या वर्षी, १८ ऑगस्ट १८११ रोजी, फर्मान निघालं: ज्याला कायमचं आडनाव नाही त्याने ते घ्यावं आणि सरकारदरबारी नोंदवावं. लोकांना वाटलं, हे फ्रेंच आज आहेत, उद्या नाहीत. म्हणून कुणी वाह्यात, कुणी अर्वाच्य आडनावं लिहून दिली आणि फ्रेंच कारकुनांनी ती निमूट उतरवून घेतली. १८१३ साली फ्रेंच खरोखरच गेले, थट्टा मात्र वहीत राहिली आणि नातवंडा-पणतवंडांच्या कपाळी आली.

परक्या सत्तेला असं बनवणाऱ्या शेतकऱ्यांची गोष्ट कुणाला आवडणार नाही? मलाही ती आवडायची आणि खरीही वाटायची. पण ती खरी नाही.

मुळात १८११ साली बहुतेक डच लोकांकडे आडनावं होतीच. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या शहरांत ती शेकडो वर्षांपूर्वी रुजली होती. गावावरून पडलेली नावं आपल्या ‘कर’सारखी. फरक इतकाच, की आपला ‘कर’ गावाच्या मागे लागतो आणि त्यांचा ‘फान’ गावाच्या पुढे. चित्रकार व्हॅन गॉगच्या आडनावातलं ‘गॉग’ म्हणजे जर्मनीच्या हद्दीतलं गॉख हे गाव. आडनावाविना राहिले होते ते मुख्यतः उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या खेड्यांतले लोक आणि बरेचसे ज्यू. तिथे बापाच्या नावावर भागत होतं: यानचा मुलगा पीटर, पीटरचा मुलगा यान. पण फ्रेंच राज्याला करवसुलीसाठी आणि नव्याने सुरू झालेल्या सक्तीच्या सैन्यभरतीसाठी हा यान कोणता आणि तो यान कोणता हे नेमकं हवं होतं.

या नोंदींच्या वह्या आजही आहेत. फ्रिसलंड प्रांतातल्या वह्यांत कुटुंबप्रमुखाने आपलं आडनाव तर सांगायचंच, शिवाय मुलांची आणि नातवंडांची नावंही लिहून द्यायची होती. समोर मुलाबाळांची यादी लिहिली जात असताना माणूस थट्टेचं नाव देईल का? आणि वही लिहिणारे काही पॅरिसहून आलेले नव्हते. नोंदी व्हायच्या गावाच्या महापौराच्या कचेरीत, आणि तिथली माणसं डच किंवा फ्रिसियनच होती. त्यांना प्रत्येक शब्द कळत होता. म्हणूनच या वह्या चाळल्या तर त्या अगदी साध्या दिसतात. बांधाजवळ राहणारा डाइकस्ट्रा, कोपऱ्यावरचा हूकस्ट्रा, भट्टीवाला बाकर, कोळी फिसर. माणसांनी आपलं घर, आपला धंदा, आपला बाप आडनावात ठेवला.

आणखी एक गोष्ट या दंतकथेच्या मुळावर येते. ‘नाक्तखबोरन’ हे आडनाव कागदपत्रांत नेपोलियनच्या कितीतरी आधीपासून सापडतं.

मग ते आलं कुठून? शेजारच्या जर्मनीतून. जर्मन भाषेत ‘नाख’ म्हणजे नंतर, मागाहून. ‘नाखगेबोरन’ म्हणजे मागाहून जन्मलेला, बाप वारल्यानंतर जन्माला आलेला. सतराव्या-अठराव्या शतकात हॉलंड श्रीमंत होता आणि जर्मन मुलुखातून माणसांचे लोंढे तिकडे जात होते. गवत कापायला, पीट नावाचं जळाऊ मातीचं इंधन काढायला, डच जहाजांवर खलाशी म्हणून, सैन्यात शिपाई म्हणून. त्यांची नावं डच कानांनी ऐकली आणि डच बोरूंनी लिहिली. ‘नाखगेबोरन’ ऐकणाऱ्याला ओळखीचा वाटणारा सगळ्यात जवळचा शब्द ‘नाक्त’ होता. ‘ख’च्या जागी ‘क्त’ आला आणि पोरकं मूल नागडं झालं.

फ्रिसलंडमधल्या ‘पूपयेस’ या आडनावाचंही असंच झालं आहे. आजच्या डचमध्ये ‘पूप’ म्हणजे विष्ठा, त्यामुळे हे आडनावही नेपोलियनच्या थट्टेच्या खात्यावर टाकलं जातं. पण त्या भागात जर्मनीतून कामाला आलेल्या परक्या माणसाला ‘पूप’ म्हणत. हसणाऱ्यांना जिथे घाण दिसते, तिथे खरं तर एक स्थलांतरित मजूर उभा आहे.

बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलाची वेगळी नोंद ठेवावी असं समाजाला का वाटत असेल? आपल्या खेड्यांत अशा मुलाला पांढऱ्या पायाचं म्हणून हिणवलं जायचं, बापाच्या मरणाचा दोष त्या जिवावर टाकला जायचा. पण नाव लक्षात ठेवण्यामागे वारसाहक्कही असतो. बाप जिवंत नाही, तर हे मूल त्याचंच, असं सांगायचं कुणी? रोमन कायद्यापासून चालत आलेलं एक तत्त्व आजच्या डच नागरी कायद्याच्या अगदी सुरुवातीलाच आहे: पोटातल्या मुलाचं हित ज्या ज्या वेळी गुंतलेलं असेल, त्या त्या वेळी ते जन्मलेलंच आहे असं धरावं. मला कायद्यातली ही ओळ फार मायेची वाटते.

डच इतिहासातलं सर्वात प्रसिद्ध ‘मागाहून जन्मलेलं’ मूल राजघराण्यातलं आहे. ६ नोव्हेंबर १६५० रोजी ऑरेंज घराण्याचा दुसरा विल्यम देवीच्या साथीत वारला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. आठ दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, द हेगमध्ये त्याच्या विधवेला, मेरीला, मुलगा झाला. या मेरीचे वडील, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स, यांचा शिरच्छेद होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. हॉलंड प्रांताने आणि इतर बहुतेक प्रांतांनी या बाळाला बापाचं पद दिलं नाही, ते बावीस वर्षं रिकामंच ठेवलं. १६७२ साली फ्रेंच फौजा देशात घुसल्या तेव्हा लोकांना त्याच तरुणाची आठवण झाली. तोच तिसरा विल्यम, १६८९ साली इंग्लंडचा राजाही झाला. मराठी वाचकाला इथे नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ साली जन्मलेले आणि चाळीस दिवसांचे असताना पेशवेपदाची वस्त्रं मिळालेले सवाई माधवराव आठवतील. राजघराण्यातल्या अशा बाळाला सिंहासन तरी मिळतं. गवत कापणाऱ्याच्या बाळाला फक्त आडनाव मिळालं, आणि तेही पुढे लोकांना उलगडेनासं झालं.

डच राज्यात आडनावं खरोखर लादली गेली ती हॉलंडपासून फार दूर, सुरीनाममध्ये. १ जुलै १८६३ रोजी तिथली गुलामगिरी संपली आणि तीस हजारांहून अधिक माणसं मुक्त झाली. तोवर कागदावर त्यांना आडनाव नव्हतं. आता ते दिलं गेलं, आणि ते देताना कधी मालकाचंच आडनाव उलटंपालटं केलं गेलं. ‘दे व्रीस’चं झालं ‘व्रीसदे’. १९९५ च्या जागतिक स्पर्धेत आठशे मीटर शर्यतीत रौप्यपदक जिंकणाऱ्या सुरीनामच्या लेटिशिया व्रीसदेचं आडनाव हेच. नेपोलियनची गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांनी या वह्यांबद्दलही बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नेदरलँड्सच्या आडनावांच्या संग्रहात तीन लाखांच्या आसपास नावं आहेत. सर्वात वरचं ‘दे योंग’ ऐंशी हजारांहून अधिक लोक लावतात. ‘नाक्तखबोरन’ त्या गर्दीत कुठेतरी तळाशी सापडतं. हसं करणारं आडनाव असेल तर डच कायदा ते बदलू देतो, राजाच्या हुकमाने. अनेकांनी बदललंही असेल. पण हे नाव अजून आहे, याचा अर्थ कुणीतरी ते प्रत्येक पिढीत ठेवून घेतलं आहे.

त्यातल्याच एकाचं नाव केस नाक्तखबोरन. ते प्राणिशास्त्रज्ञ होते आणि त्यांनी अभ्यासाला विषय निवडला तो प्राण्यांच्या जन्माचा. १९७० साली त्यांनी देवमाशांचे मोठे अभ्यासक ई. जे. स्लाइपर यांच्यासह एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ जर्मन भाषेत होता, म्हणजे ज्या भाषेतून हे आडनाव निघालं त्याच भाषेत. ग्रंथाचं नाव, मराठीत सांगायचं तर, ‘जन्माचं जीवशास्त्र’.