सावित्रीबाईंमधली कवयित्री रंगमंचावर

सावित्रीबाई फुल्यांवरचा एक एकपात्री प्रयोग सदाशिव पेठेतल्या तालमीच्या खोलीत उभा राहताना मी जवळून पाहिला. नऊवारी लुगडं नेसलेली एकटी अभिनेत्री, एक पाट, एक तांब्या आणि एक वही. पती जोतीराव, त्यांना लहानपणी सांभाळणाऱ्या सगुणाबाई, भिडे वाड्यातल्या शाळेच्या पोरी, शाळेत जाताना सावित्रीबाईंवर शेण मारणारे लोक, ही सगळी माणसं तिने नुसत्या नजरेतून उभी करायची.

या कामाचा पाया नजरच. जोतीराव कुठे बसलेत हे एकदा ठरलं की प्रयोग संपेपर्यंत ते तिथेच दिसले पाहिजेत. दिग्दर्शिका त्या जागी खुर्ची ठेवायची, तिच्या पाठीवर डोळ्यांच्या उंचीला खडूने खूण करायची आणि मग खुर्ची काढून घ्यायची. नजर वीतभर ढळली तरी तालीम थांबे. "अगं, जोतीराव उठून गेले बघ!" पोरींशी बोलताना नजर खाली, पण मान ताठ. मान झुकली की सावित्रीबाई केविलवाण्या दिसायला लागतात, आणि त्या तशा कधीच नव्हत्या.

एकपात्रीत समोरून वाक्य येत नाही, त्यामुळे विसावाही नाही. पाणी प्यायची जागा संहितेतच पेरून ठेवावी लागते. ती आधी १८७७ च्या दुष्काळात ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्राला लागून होती. तांब्या तोंडाला लावून लगेच दुष्काळाचं बोलणं पटेना, म्हणून तो मागच्या प्रसंगात सरकवला. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, धरलं. त्या प्रसंगात हात मोकळेच, पण मडक्याचं वजन खांद्यात आणि मनगटात दिसायला हवं. त्यासाठी ती खरं भरलेलं मडकं घेऊन खोलीभर चालायची.

सगळ्यात जास्त झगडा झाला तो कवितांवर. 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालचा. तेव्हा सावित्रीबाई जेमतेम तेवीस वर्षांच्या होत्या. त्यात शिक्षणाचा आग्रह आहे, तसा पिवळा चाफाही आहे, जाईचं फूल आहे. पुढे 'बावनकशी सुबोधरत्नाकर'मध्ये त्यांनी जोतीरावांचं चरित्र पद्यात सांगितलं. तरीही त्यांच्यावरच्या प्रयोगांत शेणाच्या प्रसंगाला टाळी हमखास, आणि कविता मात्र दोन प्रसंगांच्या सांध्यात, प्रकाश बदलेपर्यंतची भरती म्हणून येते. मला हा अन्याय वाटतो. अंगावर शेण झेलणारी बाई आणि फुलावर कविता करणारी बाई एकच होती. खरं नाट्य तिथेच आहे.

सुरुवातीला अभिनेत्री कविता गाऊन म्हणायची. गोड वाटे, पण बाई हरवून जाई. मग नुसतं पठण करून पाहिलं, ते शाळेच्या गॅदरिंगसारखं झालं. शेवटी दिग्दर्शिकेने तिच्या हातात वही दिली आणि कविता सुचते आहे तशी बोलायला सांगितलं. बोटांवर अक्षरं मोजायची, एखादा शब्द खोडायचा, पुन्हा म्हणायचा, आणि जमलेली ओळ जोतीरावांच्या दिशेला बघून मोठ्याने वाचायची. त्या दिवशी खोलीतले आम्ही सगळे पुढे सरकून ऐकत होतो. शेवटच्या ओळीनंतर तिने वही मिटली नाही, तशीच पाटावर ठेवली.

पुण्याला ही वाट नवी नाही. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय १९८८ साली आलं आणि १९८९ साली सुषमा देशपांडे यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' स्वतः लिहून स्वतःच उभं केलं. नेपथ्याचा फाफटपसारा नसलेला तो प्रयोग त्यांनी खेड्यापाड्यांतही नेला. एक बाई थेट लोकांशी बोलते आहे, एवढ्यावर किती मोठं नाटक उभं राहतं हे त्यांनी दाखवून दिलं.

या प्रयोगाचा शेवट १८९७ च्या प्लेगचा. रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. अभिनेत्री तिथे कोसळत नाही. साल सांगते, तारीख सांगते आणि विंगेत निघून जाते. हा निर्णय मला पूर्ण पटला. आता मागणं एकच आहे: सावित्रीबाईंवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येकीने त्यांच्या निदान दोन कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये न तोडता म्हणाव्यात. त्यातली एक फुलावरची असावी.