जुनी दुनळी बंदूक वापरण्यापूर्वीं

वाडवडिलांच्या वेळची विलायती दुनळी बंदूक कित्येक शेतकरी कुटुंबांत अजून जपून ठेविलेली असते. परवाना वारसाच्या नांवें झाला, कीं पिकाच्या राखणीस ती काढावी असें मनांत येतें. (रानडुकरावर बार टाकण्यास वनखात्याची निराळी परवानगी लागते, हें येथें गृहीत आहे.) अशा वेळीं बंदूक झाडास बांधून लांबून दोरीनें चाप ओढावयाचा व बार सुरळीत सुटला म्हणजे बंदूक धड समजावयाची, अशी एक चाल आहे. ती घातक होय. पहिल्या बारास न फुटलेली नळी दहाव्या बारास फुटूं शकते.

दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून त्या दस्त्यापासून सोडवाव्या व बुडाच्या सपाट भागावरील शिक्के पाहावे. लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांत कसोटी झाल्यावर ते मारीत. एकोणिसाव्या शतकांतील बहुतेक बंदुका केवळ काळ्या दारूवर पारखलेल्या आहेत. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या, लहरींची नक्षी असलेल्या दमास्कस नळ्या बहुधा याच वर्गांतल्या. बिनधुराच्या दारूचा शिक्का नसेल, तर हल्लींचें काडतूस त्यांत घालूं नये.

खरी फसगत होते ती कोठीच्या लांबीविषयीं. जुन्या विलायती बारा बोअरची कोठी बहुधा अडीच इंच, म्हणजे सुमारें ६५ मिलिमीटर असते. हल्लीं ७० मिलिमीटरचें काडतूसहि मिळतें. ही लांबी तोंड उलगडल्यानंतरची. न उडालेल्या काडतुसाचें तोंड दुमडलेलें असल्यामुळें तें आंखूड कोठींतहि बिनतक्रार बसतें. बार सुटतांच मात्र तोंड पुढील अरुंद भागांत उलगडतें, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि नळींतील दाब वाढतो. म्हणून काडतूस बसलें हा कांहीं पुरावा नव्हे. १९२५ नंतरच्या इंग्रजी बंदुकांवर कोठीची लांबी कोरलेली असते. त्यापूर्वींच्यांची मोजून घ्यावी.

मग नळी उजेडाकडे धरून आंत पाहावें. सावलीचें वलय कोठें वांकडें दिसल्यास तेथें पोचा किंवा फुगवटा आहे. आरशासारखी लखलखीत नळी पाहून भुलूं नये. गंजाचे खड्डे घासून काढले, कीं नळी पातळ होते. नळ्या दोरीस टांगून लांकडानें हलकेच ठोकाव्या. घंटेसारखा नाद न येतां भद्द आवाज आल्यास मधल्या पट्टीचा डाख सुटला असावा. शेवटीं पुढचें लांकूड काढून, बंदूक मिटून हलवावी. सांधा खुळखुळल्यास किंवा बुडाशीं उजेड दिसल्यास ती परवानाधारक कारागिराकडे न्यावी. नळीची जाडी मोजण्याचें साधन त्याच्यापाशींच असतें.